चौकटीविना दार

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दातिवऱ्यास गेलो होतो. सफाळे स्थानकावर उतरावे, पश्चिमेची वाट धरावी आणि समुद्र दिसेपर्यंत जात राहावे, एवढेच या गावचे मार्गदर्शन. वैतरणा नदी जेथे सागरास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर दातिवरे वसले आहे. खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या लहानशा किल्ल्याचे अवशेष गावात आहेत. दक्षिणेला पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा जलदुर्ग दिसतो. आम्हा वसईकरांना हे 'खाडीपलीकडचे' गाव. डोळ्यांना जवळ, पायांना लांब.

आमचे एक स्नेही येथे राहतात. आयुष्यभर शिक्षकी पेशात गेल्यामुळे सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांचे वडिलोपार्जित घर नव्याने बांधावयास घेतले होते. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. गुरुजींचा मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याने छापील रंगीत पुस्तिका आणून बापापुढे ठेवली होती. तिच्यातल्या खोल्यांच्या दारांना चौकटच नव्हती. पांढऱ्याशुभ्र भिंतीत तितकेच पांढरे दार. भिंत कोठे संपते आणि दार कोठे सुरू होते, हे एका बारीक रेघेवरून ओळखायचे.

गुरुजींची अडचण वेगळीच होती. जुन्या घरातले माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली एक सागवानी चौकट पाडकामाच्या वेळी शाबूत निघाली होती. तिच्या डाव्या उभ्या लाकडावर सुरीने मारलेल्या बारीक खाचा आहेत, खालपासून थेट खांद्याच्या उंचीपर्यंत. गुरुजींची आई डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकत असे. तिला अक्षरओळख नव्हती. उधारीवर दिलेल्या प्रत्येक टोपलीमागे ती चौकटीवर एक खाच मारी. पैसे आले की त्या खाचेवर आडवी रेघ ओढी. याच हिशेबातून गुरुजींची शाळेची फी भरली गेली. आता जुने सागवान विकत घेणारा व्यापारी येऊन त्या चौकटीचा भाव सांगून गेला होता आणि चार दिवसांत उत्तर द्यायचे होते.

मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, तुम्ही इतिहासाची माणसे. तुम्हीच सांगा, आतल्या दाराला चौकट लागतेच का?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते तोकडे होते. परतल्यावर थोडा विचार केला, काही जुनी टिपणे चाळली, त्यातून हा लेख सिद्ध झाला.

ताटी आणि झाप

पहिली गोष्ट ही की, चौकटीविना दार ही नवलाई नाही. आपल्या लोकांचे सर्वांत जुने दार चौकटीवाचूनचेच होते. किनाऱ्यावरच्या कुडाच्या घरांना नारळीच्या किंवा ताडाच्या झावळ्यांचा विणलेला झाप असे. तो मेढीला दोरीने बांधीत, दिवसा बाजूला सारीत आणि रात्री आडवा लावीत. वारली व इतर आदिवासी बांधवांच्या झोपड्यांना कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांची ताटी असे. तिला बिजागरी नाही, कडी नाही. वाऱ्याला, कुत्र्याला आणि परक्या नजरेला अडवावे, एवढेच तिचे काम.

मराठी वाङ्मयात या ताटीला मोठे स्थान आहे. तेराव्या शतकातील मुक्ताबाईंचे 'ताटीचे अभंग' सर्वांना ठाऊक आहेत. रुसून आत बसलेल्या ज्ञानदेवांची ती समजूत घालते, ती या दाराबाहेर उभी राहून. ताटी ही वस्तू पाहिलेल्या माणसाला त्या प्रसंगाचा अर्थ अधिक कळतो. ती हाताने ढकलली असती तर सहज बाजूला झाली असती. तरीही धाकटी बहीण बाहेरून विनविते. ते दार बळाचे नव्हते, मर्यादेचे होते.

मर्यादेवर भागत होते तोवर चौकटीची गरज भासली नाही. धान्य, दागिना आणि दस्तऐवज घरात साठू लागले, तेव्हा दार जड झाले. जड दाराला टेकू लागतो, आणि येथून चौकटीचा इतिहास सुरू होतो.

चार लाकडे

चौकट म्हणजे चार लाकडांची जोडणी: खाली उंबरठा, दोन बाजूंना दोन बाह्या आणि वर कपाळपट्टी. जुन्या करारातील निर्गमाच्या ग्रंथात वल्हांडणाच्या रात्री ज्या जागी कोकराचे रक्त लावावयास सांगितले, त्या जागा म्हणजे दाराच्या बाह्या आणि कपाळपट्टी. दाराच्या पानाचा तेथे उल्लेख नाही. घराची खूण पटते ती चौकटीवरून, ही समजूत किती पुरातन आहे हे यावरून दिसते.

आपल्या परिसरात याचा पुरावा दगडात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांशी लाकडी चौकट बसविण्यासाठी कोरलेल्या खाचा दिसतात. लाकूड केव्हाच नष्ट झाले, खाचा राहिल्या. पुढे शिलाहारांच्या काळी, इ. स. १०६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या अंबरनाथच्या शिवालयात चौकट हाच शिल्पाचा विषय झाला. शिल्पशास्त्रात दाराच्या चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना 'शाखा' म्हणतात आणि खालच्या आडव्या दगडाला 'उदुंबर'. आपला उंबरा आणि उंबरठा त्या उदुंबराच्याच घराण्यातले. गंमत अशी की, मासळी ठेवायच्या खोलीचा उंबरठा ओलांडणारी दातिवऱ्याची बाई हा देवळातला शब्द रोज तोंडी घेत होती.

मात्र त्या काळचे दार आजच्यासारखे टांगलेले नसे. झडपेच्या एका कडेच्या लाकडालाच वर आणि खाली गोल टोके काढीत. वरचे टोक कपाळपट्टीच्या भोकात आणि खालचे टोक उंबरठ्यातल्या खळग्यात बसे. झडप त्या दोन टोकांवर फिरे. म्हणजे दाराचा सारा भार उंबरठ्यावर असे. उभ्या बाह्या जवळजवळ मोकळ्याच. जुन्या वाड्यांतले दार उघडताना जो करकर आवाज येई, तो या खळग्यातला. हा भाराचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे स्थित्यंतर त्यावरच अवलंबून आहे.

बिजागरी कोठून आली?

आता एका शब्दाकडे वळू. 'बिजागरी' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की, तो परका असेल अशी शंकाही येत नाही. पण तो पोर्तुगीज 'बिझाग्रा'वरून आला आहे. गोव्यातील आसगावचे सुपुत्र, धर्मगुरू आणि भाषापंडित मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५-१९२२) यांनी १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा बृहत् संग्रह प्रसिद्ध केला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६ साली बडोद्याहून निघाला. चावी, बालदी, पगार, तुरुंग अशा शब्दांबरोबर आपली बिजागरीही त्या पंक्तीत बसते.

एका दाराभोवती किती भाषा गोळा झाल्या आहेत पाहा. दार हे संस्कृत द्वारातून आले, दरवाजा फारसीतून, कुलूप अरबीतून, चावी आणि बिजागरी पोर्तुगीजमधून. उंबरठा, अडसर आणि कडी घरच्याच. पुढे इंग्रजांबरोबर 'होल्डफास्ट' आणि 'फ्लश डोअर' आले. ज्यांनी ज्यांनी या किनाऱ्यावर राज्य किंवा व्यापार केला, ते सारे दाराला काही ना काही ठोकून गेले.

शब्द आला म्हणजे वस्तू तोवर नव्हतीच, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण एखाद्या वस्तूचे नावच परके रुजते, तेव्हा ती वस्तू त्या लोकांच्या हातून घरोघर पोचली असे मानावयास जागा राहते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. या दोन तारखांच्या मधली दोनशे वर्षे या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल होता. त्यांच्या कागदपत्रांत दातिवऱ्याचे नाव 'दांतोरा' असे येते. एवढ्या अवधीत सुतारांच्या पेटीत एक परका शब्द राहून गेला तर नवल नाही.

या लोखंडी बिजागरीने दाराचा भार हलविला. तोवर तो उंबरठ्यावर होता, आता तो उभ्या बाहीवर आला. बाही जाड करावी लागली, तिला भिंतीत घट्ट धरण्यासाठी लोखंडी होल्डफास्ट गाडावे लागले. पाच बाय तीन इंचांची भक्कम सागवानी चौकट, जी आपल्या आजोबांच्या पिढीला प्रतिष्ठेची खूण वाटे, ती या भाराची संतती होय. आणि उंबरठ्याचे मात्र भार वाहण्याचे काम सुटले. तो उरला तो पाणी, सरपटणारे जनावर आणि संस्कार यांच्यापुरता.

खाडीतून आलेले लाकूड, लाकडावरचे लेखन

चौकटीला साग लागतो, आणि साग या मुलखात वैतरणेने दिला. नदीच्या वरच्या अंगाला आशेरीगडाच्या आसपासचे रान उत्तम सागासाठी प्रसिद्ध होते. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगिजांनी आशेरी ताब्यात घेतली, त्यामागे या लाकडाचे आकर्षण मोठे होते. आगाशी आणि वसई येथे जहाजे बांधली जात. त्यांना हाच साग लागे. भरतीच्या पाण्यावर मनोरपर्यंत होड्या जात आणि ओहोटीबरोबर लाकूड खाली येई. खाडीच्या मुखाशी असलेल्या दातिवऱ्याच्या समोरूनच ते पुढे जात असे. जहाजाला न लागलेला तुकडा घराला लागला असेल, असे समजण्यास हरकत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांच्या चौकटी इतक्या दणकट का, याचे कारण रान आणि नदी यांच्या या शेजारात आहे.

चौकटीचा आणखी एक उपयोग होता, ज्याकडे इतिहासकाराने तरी डोळेझाक करू नये. चौकट हे घराचे लिहिण्याचे ठिकाण होते. अर्नाळ्याचा किल्ला १७३७ साली मराठ्यांकडे आला. त्याच्या मुख्य प्रवेशद्वारावर बाजीरावांचे नाव असलेला देवनागरी शिलालेख आहे. डॉ. जेर्सन दा कुन्या यांनी चौल व वसईच्या इतिहासावरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात वसईच्या किल्ल्यातील सागरी दरवाजावरचा पोर्तुगीज लेख नोंदविला आहे. ती कवाडे २० नोव्हेंबर १७२० रोजी केल्याचे त्यात म्हटले आहे. राजाने लिहिले, किल्लेदाराने लिहिले, आणि गरिबानेही लिहिले. वसईतील आपल्या जुन्या घरांच्या कपाळपट्टीवर क्रूस आणि बांधकामाचे साल कोरलेले सापडते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळी कित्येक घरांत अजूनही दाराशीच खोवतात. हिंदू बांधवांच्या घरी तेथे गणेशपट्टी असते, दसऱ्याला तोरण लागते.

गुरुजींच्या आईने मारलेल्या खाचा आम्ही याच मालिकेत धरतो. फरक इतकाच की अर्नाळ्याचा लेख वाचणारे अनेक झाले, आणि या खाचा वाचू शकणारे माणूस आता हयात नाही. त्यातली आडवी रेघ म्हणजे फिटलेली उधारी, एवढे गुरुजींना ठाऊक आहे. वर कोठे कोठे दोन खाचांमध्ये मोठे अंतर सोडले आहे. ते पावसाळ्याचे, होड्या बंद असण्याचे महिने असावेत, असा त्यांचा तर्क आहे.

चौथे लाकूड गेले

चौकट एका दिवसात गेली नाही. ती एकेका लाकडाने गेली. आज शहरातल्या कोणत्याही सदनिकेत जाऊन आतल्या दारांकडे पाहावे. दोन बाह्या आणि कपाळपट्टी अशी तीनच लाकडे दिसतील. तरी आपण तिला चौकट म्हणतो. चौथे लाकूड, म्हणजे उंबरठा, सर्वांत आधी गेला. कारण त्याचे भार वाहण्याचे काम बिजागरीने केव्हाच काढून घेतले होते. शेणाची जमीन जाऊन लादी आली, तेव्हा फरशी पुसणाऱ्याला तो अडचणीचा झाला. म्हाताऱ्यांना ठेच लागू लागली. घरात चाकांची खुर्ची आणावी लागली की उंबरठ्याची किंमत कळते. उंबरठा गेल्याचा शोक करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, घरातल्या सुनेला 'उंबरठ्याच्या आत राहा' असे सांगण्यासाठीही त्याचाच उपयोग होत असे.

मग लाकूडच दुर्मिळ झाले. १८६४ साली मुंबईपर्यंत आगगाडी धावू लागल्यावर या पट्ट्यातले लाकूड मुंबईला ओढले गेले. मुंबईत ब्रह्मदेशचा सागही उतरू लागला. स्वातंत्र्यानंतर शहरे वाढली, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर रानावरचे निर्बंध अधिक कडक झाले. सागाची चौकट मध्यम वर्गाच्या हाताबाहेर गेली. तिच्या जागी सिमेंटची चौकट आली, पत्र्याची आली, न्हाणीघराला कडाप्प्याची आली. फळ्यांच्या दाराऐवजी प्लायवूडचे सपाट फ्लश डोअर आले, ज्याला आज भारतीय मानक २२०२ लागू आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पाठोपाठ बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि तेथल्या वसाहतींत हीच दारे ओळीने बसली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्यानंतर पालघर-बोईसरकडे ज्या नव्या इमारती उठल्या, त्यांच्या जाहिरातींबरोबर चौकटीविना दाराची चित्रेही खेड्यांपर्यंत पोचली.

न दिसणारे दार

हे दार युरोपातून आले आहे, आणि तेथे त्याला जुना इतिहास आहे. तेथल्या राजवाड्यांत व उमरावांच्या महालांत भिंतीच्या रंगात, भिंतीच्या कापडात मढविलेली दारे असत. पाहुण्यांच्या नजरेला ती पडू नयेत अशीच त्यांची रचना असे. त्यांतून चाकर मंडळी ये-जा करीत. पाणी आणणारा, राख काढणारा, ताटे उचलणारा दिसू नये, काम मात्र व्हावे, हा त्यामागचा हेतू. अशाच एका दाराने इतिहासातही काम केले आहे. ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे जमाव व्हर्सायच्या राजवाड्यात घुसला, तेव्हा राणी मारी आंत्वानेत आपल्या शयनगृहातील पलंगाशेजारच्या अशा छुप्या दारातून राजाच्या दालनांकडे निसटली. ते दार आजही तेथे दाखवितात.

विसाव्या शतकात वास्तुशिल्पज्ञांनी नक्षी टाकून दिली, पट्ट्या टाकून दिल्या, आणि चाकरांसाठीचे ते छुपे दार सर्व घराला लावले. अॅल्युमिनियमचे साचे आणि भिंतीत दडणाऱ्या बिजागऱ्या निघाल्यामुळे ते शक्य झाले. पण येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या दाराला चौकट नसते असे नाही. अॅल्युमिनियमची चौकट असते. ती भिंतीत गाडून तिच्यावरून गिलावा करतात. चौकट गेलेली नाही, लपली आहे. दाराचा भार आजही कोणीतरी वाहतेच. खरोखर चौकटीवाचूनचे दार पाहावयाचे तर दुकानांतले जाड काचेचे दार पाहावे, जे वर एका पकडीवर आणि खाली जमिनीतल्या स्प्रिंगवर फिरते. आणि ही रचना म्हणजे दुसरे काय, तर वर भोक आणि खाली खळगा असलेले आपले जुनेच दार!

मग निवड कशी करावी?

गुरुजींच्या मुलाला हवे होते ते व्यावहारिक उत्तर. इतिहासाने ते थोडेफार देता येते, कारण चौकट कोणकोणती कामे करीत होती हे कळले, की ती लपविल्यावर ती कामे कोण करणार हे विचारता येते.

चौकटीचे पहिले काम भार पेलण्याचे. ते लपलेला अॅल्युमिनियमचा साचा करू शकतो. मात्र तो विटांच्या कामाबरोबर, गिलाव्याच्या आधी बसला पाहिजे. गिलावा झालेल्या घरात ही दारे घ्यायची तर भिंत फोडावी लागते. साडेचार इंची भिंतीत दणके बसून तडे जाऊ नयेत म्हणून साच्याभोवती जाळी लावून मग गिलावा करावा. झडपही नेहमीपेक्षा जाड, ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक लागते. एरवी आत दडणारी बिजागरी तिच्यात मावत नाही.

दुसरे काम चुका झाकण्याचे. भिंत आणि चौकट यांच्यामधली फट सुतार पट्टी मारून झाकतो. येथे पट्टी नाही, म्हणून चुकीला जागा नाही. गवंड्याचा ओळंबा आणि सुताराचा गुण्या दोन्ही चोख हवेत. गवंडी चांगला नसेल तर हे दार घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरे काम हवेशी झुंजण्याचे. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने विरारच्या सदनिकेत अशी दारे बसविली. पहिल्याच पावसाळ्यात झोपण्याच्या खोलीचे दार फुगून अडकले, आणि आतल्या आजीबाईंना बाहेर काढण्यासाठी खांदा लावावा लागला. पुढे कळले की, झडपेची खालची कड रंगविलीच नव्हती. लाकूड तेथून दमट हवा पीत होते. समुद्राकाठी झडप पाणी सोसणाऱ्या प्लायवूडची हवी, आणि तिच्या सहाही अंगांना, म्हणजे वरच्या-खालच्या कडांनाही, रंगाचा हात हवा. दोन्ही बाजूंना लेप सारखा नसेल तर ती वाकते. बिजागऱ्या गंज न धरणाऱ्या पोलादाच्या आणि पुढेमागे फिरवून सारख्या करता येतील अशा असाव्यात. त्यांचा जोड पालघरच्या बाजारात मिळतो काय, हे आधीच विचारून ठेवावे. न्हाणीघराला मात्र हे दार लावू नये; तेथे कडाप्प्याच्या चौकटीला अजून तोड नाही. वाळवीच्या बाबतीत अॅल्युमिनियम लाकडापेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे.

चौथे काम दाखविण्याचे, आणि याचा विचार कोणी करीत नाही. चौकट दार कोठे आहे ते सांगते. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू आहे. पांढऱ्या भिंतीतले पांढरे दार त्यांना रात्री सापडेल काय? उमरावांच्या महालात दार लपविण्याला कारण होते. ज्या घरात पाणी भरणारा आणि मासे निवडणारा घरातलाच माणूस आहे, तेथे कोणापासून काय लपवावयाचे? म्हणून झडपेचा रंग भिंतीहून गडद ठेवावा आणि मूठ हाताला सहज लागेल अशी असावी, असे आम्ही सुचविले.

पाचवे काम लिहून ठेवण्याचे. त्याला मात्र कोणताही साचा पर्याय देत नाही.

आम्ही गेलो होतो त्यानंतर आठवड्याने गुरुजींचा फोन आला. व्यापाऱ्याला नकार दिला होता. मुलाने आतल्या दोन खोल्यांना चौकटीविना दारे निश्चित केली होती, निळसर रंगाची. गिलावा थांबवून साचे आधी बसविले होते. आणि माजघर-स्वयंपाकघराच्या मध्ये, जेथे नव्या आराखड्याप्रमाणे मोकळी वाट ठेवायची होती, तेथे ती जुनी चौकट उभी केली होती, झडपेवाचून. ती उभी करताना खालचा उंबरठा वाळवीने पोखरलेला निघाला, म्हणून तो काढावा लागला. म्हणजे तीनच लाकडे राहिली. गुरुजींच्या गुडघ्यांना ते सोयीचेच झाले.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. निळसर दारे नीट लागत होती. त्यांपैकी एकाच्या वरच्या कोपऱ्यात गिलाव्याला केसाएवढी चीर गेली होती. मुलगा ती आम्हाला दाखवून म्हणाला, "काका, हे तुम्ही सांगितले होते." त्या दिवशी सुतार जुन्या चौकटीला रोगण करावयास आला होता. लाकूड गुळगुळीत करावे म्हणून त्याने रंधा काढला, उजव्या बाहीवरून फिरविला आणि डावीकडे वळला. तेव्हा स्वयंपाकघरातून सूनबाई पीठभरल्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "त्या बाजूला रंधा नको, दादा. नुसते फडक्याने पुसा."